दुसऱ्या पेरापर्यंत

वेर्ण्याच्या नर्सरीतून वास्कोपर्यंत
तो माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला.
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं.
एका कुंडीत सात काड्या, प्रत्येकीला चारदोन झावळ्या,
आणि गळ्यात पुठ्ठ्याचा तुकडा: पाम, साडेतीनशे.

माडांच्या मुलखात माड विकत घेतला
ह्याचं हसू मला घरी पोचल्यावर आलं,
तिसऱ्या मजल्यावर, कुंडी टीव्हीशेजारी ठेवताना.
खिडकीतून चार माड दिसत होते.
फुकटचे.

आयुष्यात काही पाळलं नव्हतं मी.
मांजर यायचं तेही शेजारच्या आर्मिंदाचं,
खाऊन परत जाणारं.
म्हणून पहिले पंधरा दिवस
सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले,
पाहुण्याला नको म्हणता येऊ नये असं.
खालची पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं, कमी पडतंय.
आणखी घातलं.

बोस्त्यांवला फोन केला. तो म्हणाला,
'तानेलो न्हय बाय, बुडलो तो.'
मग म्हणाला, बोट घाल मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
ओलं लागलं तर हात धू आणि कामाला जा.

हात धू आणि कामाला जा.
इतकं सोपं वाक्य मला चाळीस वर्षांत
कुणी सांगितलं नव्हतं,
कुणाहीबद्दल.

शिकले मग एकेक.
नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं.
ऊन नको, उजेड हवा;
हे दोन वेगळे, हे तोवर ठाऊक नव्हतं.
करपलेली टोकं कातरीने तिरकी कापायची,
हिरव्याला धक्का न लावता.
आणि रविवारी पानं पुसायची,
ओल्या फडक्याने, खालून तळहाताचा आधार देऊन.

फडकं काळं.
पुढच्या रविवारी पुन्हा काळं.
बंदरावर कोळसा उतरतो, वाऱ्यावर इथवर येतो,
पडद्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर,
ते आम्ही सगळे जाणतोच.
पण पान म्हणजे झाडाचं नाक,
हे मनात आलं त्या दिवशी
बादलीतल्या पाण्याकडे बघत
मी जरा खोकून पाहिलं.

डिसेंबरात बाबा आले, पेडण्याहून, गुडघा दाखवायला.
पन्नास वर्षं लोकांचे माड चढलेला पाडेली.
तळव्यांना अजून वळ्या आहेत, खोडाला असतात तशा.
कुंडीभोवती एक फेरी मारली.
सवयीने वर बघितलं.
वर पंखा होता.

'हाका नाल्ल केन्ना लागतले?'
लागणार नाहीत, बाबा.
'मागीर कित्याक?'

शोभेला म्हणायची जीभ होईना.
त्यांच्याबरोबरचा शाबलो काही
शोभेसाठी पडला नव्हता.
मी चहा टाकला.
माझ्या पाठीमागे ते स्वतःशीच म्हणत होते,
माडाक उदक कोण घालता, माडाक उदक,
आणि हसत होते, मग हसायचे थांबले.

रात्री पाणी प्यायला उठले
तर ते अंधारात कुंडीपाशी बसलेले,
दुखरा पाय लांब करून.
एका काडीभोवती हात धरला होता,
चढण्याआधी धरतात तसा,
फक्त दोन बोटं पुरत होती त्याला.
मी दिवा लावला नाही.

सकाळी मातीत बोट घालायला वाकले
तर तिथे आधीच एक भोक,
माझ्या बोटाहून रुंद,
दुसऱ्या पेराहून खोल.

'आयज नाका,' बशीतला चहा फुंकत ते म्हणाले.
'फाल्यां घाल.'